मक्याच्या शेतातलं कॉलेज आणि आमची अबोल लेक

प्रिय मित्रा,

"पोरीचं काय ठरलं?" हा तुझा मेसेज येऊन आठवडा झाला. उत्तर दिलं नाही कारण एका ओळीत सांगण्यासारखं काही नव्हतं. आज रविवार, दोघी अजून झोपल्यात, म्हणून चहा घेऊन सविस्तर लिहायला बसलोय. सावकाश वाच, कारण शेवटी तुला एक प्रश्न विचारणारे आणि त्याचं उत्तर मला दुसऱ्या कुणाकडून नकोय.

तर आता दोनच कॉलेजं उरलीत. एक आमच्याच राज्याचं, अर्बाना-शँपेनचं इलिनॉय विद्यापीठ, जिथे नुसते अंडरग्रॅज्युएटच पस्तीस हजारांच्या वर आहेत. दुसरं म्हणजे ग्रिनेल, एक छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज. आयोवा राज्यात, डे मॉइन आणि आयोवा सिटीच्या मधे. गावाचं नावही ग्रिनेलच, वस्ती नऊ हजारांच्या आसपास, आणि कॉलेजची मुलं सगळी मिळून साधारण १७००. म्हणजे चारही वर्षांची मिळून हां! १ मेपर्यंत दोन्हीपैकी एका ठिकाणी डिपॉझिट भरायचंय आणि घरात रोज रात्री जेवताना तोच विषय.

तुला खरं सांगतो, "लिबरल आर्ट्स" हा शब्द पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकला तेव्हा मला वाटलं पोरगी आर्ट्सला चालली. तसं नसतं ते. बायॉलॉजी, मॅथ्स, फिजिक्स, कॉम्प्युटर सायन्स सगळं असतं, फक्त पहिल्या दिवसापासून एका खोबणीत घालत नाहीत, बायॉलॉजी करणारी मुलगी रशियन पण शिकते आणि इतिहास पण. ग्रिनेलमध्ये तर सक्तीचा कोर्स एकच, पहिल्या सेमिस्टरचं ट्युटोरियल, बारा-चौदा मुलं आणि एक प्रोफेसर, आणि तोच प्रोफेसर मूल मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवेपर्यंत त्याचा सल्लागार असतो. बाकी सगळं मुलाने त्याच्याशी बोलून ठरवायचं. मास्टर्स-पीएचडीचे विद्यार्थीच नाहीत, त्यामुळे शिकवायला कायम प्रोफेसर, आणि लॅबमध्ये हाताखाली घ्यायला त्यांना पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरंच मिळतात.

हे सगळं वाचूनही माझं मन वळत नव्हतं. वळलं ते रॉबर्ट नॉइसमुळे. अरे ज्याने १९६८ साली इंटेल काढली तो नॉइस, तो ग्रिनेलचा, १९४९ चा ग्रॅज्युएट! ट्रान्झिस्टर जगाला माहीत झाला १९४८ साली, आणि तिथल्या फिजिक्सच्या ग्रँट गेल नावाच्या प्रोफेसरांची तो शोधणाऱ्यांपैकी बार्डीनशी जुनी ओळख, त्यांनी अगदी सुरुवातीचे ट्रान्झिस्टर मागवून घेतले आणि वर्गातल्या मूठभर पोरांना दाखवले. मोठमोठ्या विद्यापीठांतल्या लोकांनी तो हातात घेतला नव्हता तेव्हा शेतांच्या मधल्या एका कॉलेजात नॉइस तो बघत होता. मी आणि तू चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, आपल्याला किती सरांची नुसती नावं माहीत होती सांग बरं, आणि किती सरांना आपली?

दोन आठवड्यांपूर्वी तिघं गाडीने जाऊन आलो. आय-८० हायवेने सरळ पश्चिमेला, साडेचार तास, मधे मिसिसिपी ओलांडली की आयोवा. एप्रिलात मका नसतो, नुसती काळी ओली जमीन क्षितिजापर्यंत, अधूनमधून धान्याच्या कोठ्या. बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग मैलामैलाला उतरत होता. गाव छोटं पण नीटस आहे, चौकात लुई सलिव्हनने डिझाइन केलेली १९१४ ची जुनी बँक आहे, दागिन्यांच्या पेटीसारखी, ती मला फार आवडली. कॅम्पसच्या मधून रेल्वे जाते, आम्ही टूरवर असताना मालगाडी आली आणि गाइड मुलगी बोलता बोलता थांबली, सगळे थांबले, गाडी गेली, मग पुढचं वाक्य. तिथे सगळ्यांना त्याची सवय असावी.

आता मुख्य गोष्ट. कॉलेजपासून पंधरा-वीस मिनिटांवर कॉलेजची स्वतःची ३६५ एकर जमीन आहे, तिथे प्रेअरी, म्हणजे मूळचं गवताळ माळरान, परत उगवलीये. तुला कल्पना नसेल, आयोवा हे राज्य एके काळी बहुतेक सगळं उंच गवताची प्रेअरीच होतं, शेतीखाली जाऊन जाऊन आता त्यातला हजारातला एक हिस्साही शिल्लक नाही. त्या जमिनीवर मुलं बिया गोळा करतात, ठरवून आग लावून गवत जाळतात कारण त्याशिवाय प्रेअरी टिकत नाही, किडे मोजतात. आमची लेक आठवीपासून परसातल्या रानमाश्यांची, म्हणजे पोळ्यात न राहणाऱ्या एकट्या मधमाश्यांची वही ठेवते हे तुला माहितीये, तू मागच्या खेपेला आलास तेव्हा तिने ती फक्त तुला दाखवली होती. आम्हाला अजून पूर्ण दाखवलेली नाही. तर त्या जमिनीबद्दल ऐकताना तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं की मी ज्याला "आडगाव" म्हणत होतो ते तिच्यासाठी प्रयोगशाळा आहे. शहराजवळच्या कॉलेजात हे कुठून आणणार?

पण बाप म्हणून नुसता चेहरा बघून भागत नाही. पैशाचं सांगतो. छापील खर्च राहणं-खाणं धरून वर्षाला ८५ हजार डॉलरच्या वर. हा आकडा बघून आम्ही गेल्या वर्षी ते यादीतूनच काढणार होतो. मग एकाने सांगितलं की आधी कॉलेजच्या साइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर भर, म्हणजे मदत वजा जाता खरा खर्च किती पडेल त्याचा अंदाज येतो. फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, भरला, सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा फॉर्म, तेही भरलं, सीएसएस फारच खोलात जातं, घरापासून बचतीपर्यंत सगळं विचारतं. ग्रिनेलकडे पैसा आहे, दोन अब्ज डॉलरच्या वरची गंगाजळी, त्यात इंटेल सुरू होताना कॉलेजने घातलेल्या पैशांचाही हात आहे, वॉरन बफे विश्वस्त होते त्यांचाही. त्यामुळे ते कुटुंबाची गरज काढतात आणि तेवढी पूर्ण भरून देतात, आणि २०२१ पासून त्यांच्या मदतीत कर्ज नाही, अनुदानच. पण आमच्यासारखे मधले लोक, गरज फार निघत नाही आणि खिसा फार मोठा नाही. थोडी मेरिट स्कॉलरशिप मिळाली, तरी सगळं वजा करून इलिनॉयपेक्षा वर्षाला पंधरा हजार जास्त पडतात. चार वर्षांचे साठ. परवडेल, पण ओढून ताणून, धाकट्यासाठी बाजूला ठेवलेलं हलवावं लागेल.

छोटी कॉलेजं बंद पडतात ही भीतीही खोटी नाही. त्याच आयोवामधलं आयोवा वेस्लियन, १८४२ सालचं, २०२३ मध्ये बंद झालं. न्यूयॉर्कमधलं वेल्स कॉलेज २०२४ ला. २००८ च्या मंदीनंतर इथे जन्मदर घसरला, ती मुलं आता अठराची होतायत म्हणजे यायलाच कमी, आणि ज्या कॉलेजाची चूल फक्त फीवर पेटते ते आधी कोसळतं. म्हणून कुणीही विचारलं की मी आता पहिलं सांगतो, गंगाजळी बघा, फीवर किती अवलंबून आहेत बघा, मग झाडं आणि विटांच्या इमारती बघा. ग्रिनेलबद्दल ही काळजी मला नाही.

दुसरी एक गोष्ट बघायला आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. गेल्या शरदात असंच एक छोटं कॉलेज बघायला गेलो होतो, नाव नको, तिथे कॅटलॉगमध्ये वनस्पतिशास्त्राचे आठ कोर्स. जेवणाच्या रांगेत एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीशी बोललो तर ती म्हणाली त्यातले पाच मी आल्यापासून एकदाही झालेले नाहीत, शिकवणारे सर रिटायर झाले आणि जागा भरलीच नाही. टूरवर हे कुणी बोललं नव्हतं. तेव्हापासून आम्ही कॅटलॉग बघत नाही, मागच्या चार सेमिस्टरचं प्रत्यक्ष टाइमटेबल काढून बघतो. ग्रिनेलचं काढलं, तिला हवे ते कोर्स होतात, काही वर्षाआड. एखादा हुकला की थांबा, हे छोट्या जागेचं गणितच आहे. इलिनॉयमध्ये कीटकशास्त्राचा अख्खा डिपार्टमेंट आहे रे, हे पण मला प्रामाणिकपणे मांडायला हवं.

बायकोचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मला खोडता येत नाही. ही म्हणते, डिसेंबर-जानेवारीत शून्याखाली वीस, पाचला अंधार, जवळचा विमानतळ तासाभरावर, पोरीकडे गाडी नाही. गावात आपल्यासारखी दिसणारी माणसं कमी. कॅम्पसवर जगभरातली मुलं आहेत हे खरं, पण कॅम्पस संपल्यावर काय? दुकानात कुणी काही बोललं तर ती घरी सांगणारसुद्धा नाही, गिळून टाकेल. आणि एक गोष्ट, मी ग्रिनेल धरून बसलो नसतो तर हिने काढलीच नसती, आयोवात २०२४ च्या जुलैपासून सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला जवळपास बंदी आहे. लेकीला हे माहीत असायलाच हवं असं ही आई म्हणून म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी लेकीशी स्वतः बसून बोलली. काय बोलल्या मी विचारलं नाही.

हिची सगळ्यात मोठी भीती मात्र हवामानाची नाही. सतराशे मुलांत चार जणींशी मैत्री झाली आणि ती मोडली, तर जायचं कुठे? तीच मेस, तोच वर्ग, तीच लायब्ररी. मोठ्या विद्यापीठात माणूस दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन नव्याने सुरू करतो. मी यावर म्हणालो की मोठ्या ठिकाणी तिला पहिला कोपराच सापडणार नाही. तिथे आम्ही दोघंही गप्प झालो.

कारण खरा मुद्दा तोच आहे मित्रा. पैसे, नोकरी, थंडी, सगळ्याला कुठे ना कुठे उत्तर सापडतं. (नोकरीचं मी मनातून काढून टाकलंय, ती पुढे पीएचडीच करणार हे दिसतंय, आणि अशा कॉलेजांतून पीएचडीला जाणाऱ्यांचं प्रमाण आकाराच्या मानाने खूप जास्त असतं.) उत्तर नाही ते तिच्या न बोलण्याला. तीनशे-चारशे मुलांच्या लेक्चर हॉलमध्ये ती शेवटच्या बाकावर बसेल, उत्तम मार्क मिळवेल, आणि चार वर्षांत एकाही प्रोफेसरला तिचं नाव कळणार नाही. शाळेत हेच झालंय. तिच्या बायॉलॉजीच्या टीचरना त्या वहीबद्दल काहीही माहीत नाही.

ग्रिनेलला आम्ही एका वर्गात बसलो, चौदा मुलं, गोल टेबल. प्रोफेसर बाई फार प्रेमळ, पाहुण्या मुलांनाही म्हणाल्या, तुम्हीही एकेक प्रश्न विचारा. माझ्या लेकीची पाळी आली. ती बोललीच नाही रे. पाच-सहा सेकंद असतील, मला ते फार लांब वाटले, कान लाल झालेले मी मागून बघत होतो. बाई हसून पुढच्याकडे वळल्या. मला वाटलं संपलं, हे कॉलेज गेलं. वर्ग सुटल्यावर त्या दारापाशी थांबल्या आणि तिला हळूच काहीतरी विचारलं. मी लांब उभा होतो, ऐकू आलं नाही, पण लेकीने सॅकमधून वही काढलेली दिसली. पंधरा मिनिटं दोघी भिंतीला टेकून ती वही बघत होत्या आणि बोलत लेकच होती.

परतीच्या वाटेवर मिसिसिपी येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "बाबा, तिथे लपता येत नाही." मी विचारलं, म्हणजे चांगलं की वाईट? म्हणाली, "दोन्ही." आणि हेडफोन लावले.

आता माझा प्रश्न. तू पंचवीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात शिकवतोयस, तुझ्या एमएस्सीच्या वर्गात दहा-बाराच मुलं असतात. अशी अबोल पोर तुझ्यापुढे दरवर्षी एखादी तरी आली असेल. लपायला जागा नसली की ती हळूहळू बोलायला लागते, की रोज थोडी थोडी आणखी मिटत जाते? मला धीर देण्यासाठी लिहू नकोस, जे पाहिलंयस ते लिही, मिटलेल्या मुलींचंही लिही. आणि जमलं तर या आठवड्यात तिला एक फोन कर. कॉलेजचं काढू नकोस, वहीत नवीन काय ते विचार. तुला ती सांगेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
तुझा हॉस्टेलचा रूममेट