निळा गडी

पुणे,
29 डिसेंबर 2024

प्रिय मिल्या,

हे पत्र मुद्दाम हातानं लिहितोय. फोनवर तू दर दोन वाक्यांनी "बरं, पुढे?" करतोस आणि माझं मुद्द्याचं राहूनच जातं. शिवाय यात एक गोष्ट अशी आहे, की तोंडी सांगितली असती तर तू आधी भडकला असतास आणि मग ऐकलं असतंस. कागदावर ते उलटं होईल, असा माझा होरा. पानं उलटून ती शोधू नकोस. काळजीचं काही नाही, जे होतं ते पार पडलंय.

आधी वर्षाचा हिशेब. विमा एजंटानं दिलेली डायरी यंदा पहिल्यांदाच सत्कारणी लागली. तारीख, खेळ, गडी कोण, जिंकलं कोण, एवढंच लिहायचो. 71 डाव झाले, पटावरचे 17 वेगवेगळे खेळ. रंगवून पूर्ण झालेली मिनिएचर, म्हणजे खेळातले चिमुकले पुतळे, 34. विकत घेतलेली आणि अजून करड्या प्लास्टिकचीच असलेली 112. हा शेवटचा आकडा सुजाता घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर देते.

गुरुवारचं टोळकं शाबूत आहे. आम्ही वर्षातला बराच काळ 'ब्रास: बर्मिंगहॅम' या एकाच खेळात घालवला. इंग्लंडातली औद्योगिक क्रांती, आधी कालव्यांचा काळ आणि मग रेल्वेचा. कालव्यांचा काळ संपला की तुझे सगळे कालवे पटावरून उचलायचे, आणि पहिल्या पातळीचे कारखानेही. घाम गाळून बांधलेलं अर्धं साम्राज्य डब्यात परत जातं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आमच्या सीए मित्राचा चेहरा बघायला हवा होतास, घसारा इतक्या निर्घृणपणे त्यानंही कुणाला लावला नसेल. आणि माल विकायचा तर बहुतेक वेळा बिअर लागते. कापड तयार, गिऱ्हाईक तयार, पण बिअर नाही म्हणून गिरणी ठप्प. सोलापूरच्या पोराला हा नियम समजावून सांगावा लागला नाही, "आमच्याकडं पण तसंच होतं" म्हणाला.

घरी मात्र एवढं डोकं चालवायला कुणी तयार नसतं. जगभरच्या रोगाच्या साथी थोपवायचा 'पँडेमिक' सुजाताबरोबर आठ वेळा खेळलो, सहा वेळा जग बुडालं. त्याच्या नकाशावर मुंबई आहे, कराची, दिल्ली आणि चेन्नईला जोडलेली. पुणं नाही, ही ईराची कायमची तक्रार. मालाची अदलाबदल करत वसाहती उभारायचा 'कटान' आईला शिकवला. मी म्हटलं, "आई, मेंढी दे, वीट घे." ती म्हणाली, "मेंढीकोट खेळायचाय तर पत्ते काढ ना, हे पुठ्ठे कशाला?" तिसऱ्या डावाला तिनं मला हरवलं. 6 आणि 8 च्या घरांवरून ती हलेचना. दोन फासे टाकले की छत्तीसातल्या दहा वेळा यातलं एक दान पडतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सारीपाट खेळत वाढलेली बाई, फासे तिला आमच्यापेक्षा जास्त ओळखतात.

आता रंगकाम. तुला ते पोरकट वाटतं, माहीत आहे, तरी वाच. मुठीत मावेल एवढा पुतळा, पायापासून डोळ्यांपर्यंत जेमतेम 28 मिलिमीटर. मी सुरुवात सांगाड्यांपासून केली, कारण सांगाड्याला चामडी नाही की डोळे नाहीत, बिघडवायला फारसं काही उरतच नाही. हस्तिदंती रंगाचा हात द्यायचा, वर पाण्यासारखा पातळ तपकिरी 'वॉश' सोडायचा. तो बरगड्यांच्या खाचांत उतरून बसतो आणि सावल्या आपोआप पडतात. मग कोरड्या ब्रशवरचा रंग कागदावर पुसून पुसून जवळजवळ संपवायचा आणि तो ब्रश वरवर फिरवायचा, देव्हाऱ्यावरची धूळ झटकतात तसा. उंचवटे तेवढे उजळतात. पहिला सांगाडा झाला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी सुजाताला उठवून दाखवला. तिनं एक डोळा उघडून "छान मेलाय" म्हटलं.

जुलैत मात्र माती खाल्ली. बाहेर धो धो पाऊस, आणि मी गॅलरीत उभा राहून बारा जणांवर स्प्रेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारला. हवेत इतका ओलावा असताना मारायचा नसतो. रंग पुतळ्यापर्यंत पोचेस्तोवर हवेतच दाणेदार होतो. वाळल्यावर बघतो तर बारा योद्धे भस्म फासून बसलेले, हात लावला की खरखरीत. मग जखमेवर लावायच्या जंतुनाशकात ते रात्रभर बुडवले. रंग सुटतो, पण त्यावर पाणी ओतायचं नसतं, हे मला पाणी ओतल्यावर कळलं. गुळाच्या पाकासारखा चिकटा झाला. दोन दिवस घराला प्रसूतिगृहाचा वास येत होता आणि टूथब्रशनं बरगड्या घासत मोरीत बसलेला माणूस बघून कामवाल्या मावशी काही न बोलता झाडू घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या.

अवजारं सगळी घरगुती. काजूकतलीच्या डब्यात भांडी घासायचा स्पंज ओला करून ठेवला, वर बटर पेपर. त्यावर रंग दोन-दोन दिवस ओला राहतो. पावसाळ्यात स्पंज आंबतो, त्याला उपाय म्हणजे तांबं. मी देवघरातली पळी टाकली. आईनं ती काढून घेतली आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. आता वायरमधली तांब्याची तार आहे. आणि ब्रश! मी मूर्खासारखा ट्रिपल झिरो घेऊन बसलो होतो, बारीक काम म्हणजे बारीक ब्रश असं समजून. त्या चिमुकल्या टोकावर रंग मावतच नाही, पुतळ्यापर्यंत न्यायच्या आत वाळतो. एक नंबरचा ब्रश घ्यायचा, पोट भरलेलं आणि टोक अणकुचीदार. रंग दुधाइतका पातळ, आणि एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात.

सांगाडे संपले आणि माणसं आली तशी माझी डोळ्यांपाशी गाडी अडली. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढी जागा, त्यात पांढरं, त्यात काळा ठिपका. माझे सगळे सरदार एकतर दचकलेले दिसायचे नाहीतर तिरळे. ऑगस्टात ऑफिसच्या कामानं पेणला गेलो होतो, तिथून वाट वाकडी करून हमरापूरला उतरलो. तिथं घराघरात गणपतीचे कारखाने. एका कारखान्यात अंग रंगवायला पाच-सहा मुलं आणि आखणीला एकटा माणूस. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि तीही एकाच हातानं. मी त्याच्या मागे तासभर उभा होतो. एका हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली, श्वास सोडून थांबलेला, आणि भुवईची रेघ एका दमात. मी त्याला खिशातला सरदार दाखवला. त्यानं तो उजेडाकडे धरला, उलटसुलट केला आणि विचारलं, "हा बघतोय कुठं?" मी गप्प. "आधी तो कुठं बघतोय ते ठरवा, मग ठिपका द्या. तुम्ही नुसता डोळा काढताय."

आता मुख्य गोष्ट.

तुला ठाऊक आहे, एक आड एक रविवार मी तुझ्या आईकडे, काकूंकडे जातो. सुरुवातीला चहा पिऊन निघायचो, मग जानेवारीत 'कार्कासोन' घेऊन गेलो. बहात्तर चौकोनी तुकडे, एकेक उचलून जोडायचा, रस्ते, गावं, कुरणं तयार होतात आणि त्यावर आपले लाकडी गडी ठेवायचे. रस्त्यावरचा गडी उभा, शेतावरचा आडवा. काकूंनी पहिलाच प्रश्न केला, "शेतकरी झोपलाय का?" मी म्हटलं, एकदा आडवा झाला की डाव संपेपर्यंत उठत नाही, त्याचे गुण शेवटी मोजतात. "म्हणजे आपल्या अण्णांसारखा," म्हणाल्या. तेव्हापासून त्या अट्टल झाल्या. रंग कायम निळा. डायरीत बघतो तर जूनपर्यंतच्या अकरा डावांत सात त्यांनी जिंकलेत, सगळे शेतकऱ्यांच्या जोरावर.

जुलैच्या एका रविवारी, पावसाची काळोखी दुपार, त्यांनी एका मोठ्या गावात गडी ठेवला आणि तो काळा होता. काळे माझे. मी हसून म्हटलं, "काकू, माझा गडी फितवता का?" त्यांनी तो उचलून घेतला आणि पाच मिनिटांनी परत तेच. या वेळी मी जरा जास्तच बोललो, "अहो, लबाडी आता उघड उघड?" त्या एकदम गप्प झाल्या. दोन्ही गडी तळहातावर शेजारी शेजारी ठेवले, खिडकीपाशी गेल्या, चष्मा काढला, घातला. मग म्हणाल्या, "यातला निळा कुठला रे?"

मिल्या, मला इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं. मी तिथं बसून त्यांचे जुने डाव आठवत होतो. एप्रिलपासून त्या खेळ दिव्याखाली मांडायला सांगत होत्या, गुणांच्या पाटीवरचे आकडे मला वाचायला लावत होत्या, आणि मी डायरीत "काकू आज ढिल्या" असं लिहून मोकळा होत होतो.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पिकलेला. डॉक्टर म्हणाले, घाई नाही पण लांबवू नका. त्यावर काकूंनी आधी गणपती होऊ देत म्हटलं, मग पितृपंधरवड्यात नको म्हटलं. शेवटी घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, 4 ऑक्टोबरला, उजवा डोळा झाला. अर्ध्या तासाचं काम, भिंग बसवलं आणि संध्याकाळी घरी. तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती, "तो लगेच तिकीट काढेल, रजा वाया जाईल, आणि इथे येऊन मलाच ओरडेल." यातलं एकही खोटं आहे का, सांग.

त्या दिवशी मी तुला फोन केला होता, आठवतंय? तू नुकताच ऑफिसात पोचला होतास. एसेनचा खेळांचा मेळा चालू होता, तू डॉर्टमुंडला राहतोस, रेल्वेनं अर्धा तास, आणि तरी गेला नाहीस म्हणून मी तुला वाट्टेल ते बोललो. मी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. आत काकू, आणि माझ्या हातात त्यांच्या बांगड्यांची पुडी. कुणाशी तरी बोलायचं होतं आणि खरं बोलता येत नव्हतं, म्हणून एसेनवर घसरलो. त्या शिव्या परत घेतो. अर्ध्या.

पट्टी निघाल्यावर आठवड्यानं मी डाव मांडला. त्यांनी निळा गडी उचलला आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग, "हा असा निळा होता होय!" तेव्हापासून त्यांचा नवा खेळ म्हणजे आळीपाळीनं एकेक डोळा झाकून घरातल्या वस्तू बघणं. पांढरी भिंत, चादर, माझा शर्ट. "या डोळ्यानं दूध, त्या डोळ्यानं बासुंदी." तुझा दहावीतला फोटोही त्यांनी असाच तपासला. निकाल मी तुला सांगणार नाही.

त्रास एवढाच की आता त्यांना सगळं दिसतं. दिवाळीत सोसायटीच्या पोरांनी किल्ला केला, कुंभारवाड्यातून मावळे आणले. मी फुशारकीनं त्यातले सहा मागून घेतले आणि माझ्या पद्धतीनं रंगवले, अंगरख्यांवर वॉश, ढालींच्या कडा उजळलेल्या, बुटांवर चिखल. हातभर अंतरावरून काय दिसत होते! पण पोरं किल्ला नाक लावून बघतात. ईरा म्हणाली, "बाबा, हे आंघोळ न केलेले मावळे आहेत." त्यांनी बाजारातले लाल-पिवळे चकचकीत मावळे बुरुजांवर लावले आणि माझ्या सहांना खाली हळिवाच्या शेतात शत्रू म्हणून उभं केलं. काकू किल्ला बघायला आल्या होत्या. वाकून एक उचलला, डावा डोळा झाकला. "याचा डोळा बरा जमलाय," म्हणाल्या. "पण हा बघतोय कुठं?" हमरापूरची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती, आईशप्पत.

दुसरा डोळा फेब्रुवारीत आहे, तारीख 14. आता लपवायचं नाही असं त्यांनीच ठरवलंय. हे पत्र त्यांना वाचून दाखवलं, अण्णांचं वाक्य खोडायला लावत होत्या, मी खोडलं नाही. तू मार्चमध्ये येणार होतास, ते तीन आठवडे अलीकडे ओढ. येताना माझ्यासाठी सेबलच्या केसांचे एक नंबरचे दोन ब्रश आण, टोकावर प्लास्टिकची नळी असते ती काढून फेकू नकोस. आणि एसेनला नाही तर नाही, पण तिथल्या कुठल्याही दुकानात विचार, कार्कासोनचा सुटा गडी मिळतो का. निळा. दिवाळीच्या आवराआवरीत एक हरवलाय आणि त्याच्या जागी काकू तुझ्या शाळेच्या शर्टाचं बटण ठेवतात. ते उभं राहत नाही, म्हणून त्याला कायम शेतकरीच करावं लागतं.

तुझा,
बंड्या