जिथून उचललंत, तिथंच परत सोडलंत

पाववाल्या ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं तुमच्या घरच्या एका मुक्कामात कळलं. पोस्टाने एक छोटं पत्र स्पॅनिशमध्ये पाठवलंय, पण माझ्या स्पॅनिशची धाव ‘ग्रासियास’च्या फार पुढे जात नाही. मनातलं नीट उतरायला मला मराठीच लागते, म्हणून हे उघड पत्र.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. उत्तर स्पेनमधल्या रिआन्योहून सायकलने सकाळी निघाले होते. एन-६२१ रस्त्याने सान ग्लोरिओ घाट चढायचा आणि पलीकडे कांताब्रिया प्रांतात, पोतेस गावी उतरायचं. तुमच्या बाजूने हा घाट अंगावर येत नाही. रिआन्योच मुळात ११०० मीटरच्या आसपास आणि माथा १,६०९ मीटरवर. बोका दे उएर्गानो, बियाफ्रेआ, बार्निएदो, पोर्तिया अशी गावं एकामागून एक लागतात, त्यातल्या बहुतेकांच्या नावामागे ‘दे ला रेइना’, म्हणजे ‘राणीचं’. युसो नदी सोबतीला. मागून येणारी गाडी सायकलला दीड मीटर अंतर सोडूनच पुढे जाते, तिथला कायदाच तसा आहे, आणि वळणावर तर मुकाट मागे थांबून राहते. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या अनमोड घाटात ट्रकच्या वाऱ्याने सायकल हलायची सवय असलेल्या मला पहिल्या दिवशी यानेच भरून आलं होतं.

पोर्तिया सोडलं की दोन्हीकडचे कडे जवळ येतात आणि नदी न् रस्ता एकाच फटीतून वर सरकतात. तिथे कड्यावरून घरंगळलेला धारदार दगड मागच्या चाकाखाली आला आणि टायरची बाजू बोटभर फाटली. आतून पाच युरोच्या नोटेची घडी लावून नवी ट्यूब घातली, पण शंभर पावलांत तीही फाटीतून फुगून बाहेर आली. दुसरी ट्यूब नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. सायकलचं दुकान गाठायचं तर लेओन शहर, १०० किलोमीटरहून जास्त मागे. कड्यांची सावली रस्त्यावर उतरायला लागली तशी थंडीही उतरली. खरं सांगते ताई, मला रडू येत होतं.

आणि मग खालून तुमचा भोंगा ऐकू आला.

मी गोव्याची. आमच्याकडे पहाटे आणि संध्याकाळी पोदेर येतो, सायकलच्या मागे पावाची टोपली आणि हाताशी रबरी भोंगा. तो ‘पों पों’ ऐकला की घरातलं माणूस हातातलं काम टाकून दारात येतं. तुमच्या पांढऱ्या व्हॅनचा भोंगा वाजला तेव्हा मी ओळखलंच, हा पावच आहे. वळणावर वाजवलेला हॉर्न असा नसतो. तुम्ही थांबलात, टायर पाहिला, एक शब्द न बोलता मागचं दार उघडलंत आणि पावांचे क्रेट एका बाजूला सरकवले. सायकल आत गेली. मग दार लावायच्या आधी खिशातून पेन्सिल काढून हिशेबाच्या वहीत काहीतरी टिपलंत. ते काय होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

माझ्यासाठी तुम्ही फेरी मोडली नाहीत, याचे आधी आभार. तुमच्या शेजारी बसून मी तुमची गावं पाहिली. सायकलवरून ती नुसतीच मागे पडली होती. वर यानावेसला गेलो, मग एकेक गाव करत खाली. दुकान एकाही ठिकाणी उघडं दिसलं नाही. बार्निएदोत एका दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली होती, निळ्या चौकड्यांची, धुऊन धुऊन विटलेली. आत नाणी. तुम्ही नाणी काढलीत, मोजली नाहीत, एक पाव ठेवलात, आणि पाऊस आला तर भिजू नये म्हणून पिशवीचं तोंड दुमडून आत खोचलंत. पुढच्या दारावरची पिशवी रिकामीच होती. तिथे तुम्ही पाव ठेवून निघाला नाहीत. दार वाजवलंत, आतून म्हातारबांचा आवाज येईपर्यंत उभ्या राहिलात. नुसते पैसे विसरलेत का माणूसच पडलं आहे, हे रोज कुणीतरी बघायला हवं. त्या गावात ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

रिआन्योचं पाणी दिसलं तेव्हा उन्हं कलली होती. धरण उन्हाळ्यानंतर उतरलेलं, काठाला पांढरा पट्टा. तुम्ही पाण्यातल्या एका जागेकडे बोट केलंत आणि म्हणालात, ‘मी कासा.’ माझं घर. धरणाची दारं ३१ डिसेंबर १९८७ला बंद झाली, त्याआधी गावं पाडली, हे मी वाचून आले होते. नव्या रिआन्योतलं चर्चसुद्धा ला पुएर्ता या बुडालेल्या गावातून आणून पुन्हा उभं केलंय, तेही ठाऊक होतं. पण ज्याचं घर तिथे खाली आहे असं माणूस शेजारी बसलेलं असताना ते वाचलेलं सगळं वेगळंच होतं.

मग मी मोबाईलमधला फोटो दाखवला. माझ्या आजीचं माहेर कुर्डी, सांगे तालुक्यातलं. साळावलीच्या धरणात गेलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं ते गाव. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरतं आणि घरांची जोती, विहिरी वर येतात, आणि माणसं गोळा होऊन सोमेश्वराच्या देवळाशी उत्सव करतात. एवढं सांगायला मला शब्द नव्हते. मी फोटोतल्या जोत्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, ‘कासा. आबुएला.’ घर. आजी. तुम्ही व्हॅनचं इंजिन बंद केलंत. फोटो दोन बोटांनी मोठा करून कितीतरी वेळ बघत राहिलात. फेरीतली शेवटची चार गिऱ्हाईकं त्या दिवशी ताटकळली.

रात्री तुमच्याकडे लसणाचं सूप आणि तुमच्याच भट्टीतली ओगाथा, लेओनची ती गोल, जाड कवचाची मोठी भाकर. बाहेर डोंगरात माजावर आलेल्या हरणांचा घोगरा हंबरडा चाललेला. शेजाऱ्यांच्या मुलाच्या जुन्या रेसिंग सायकलचा टायर तुम्ही गोठ्यातून शोधून आणलात, ७०० बाय २५. माझा २८ होता, पण चाकावर चपखल बसला. शेजारी म्हणाले, उद्या मी गाडीने पोतेसला जातोच आहे, पोरीला सायकलसकट सोडतो, जुन्या टायरवर कशाला जोखीम? बोलणं सगळं कळलं नाही, हातवारे कळले. सगळ्यांना ते पटलं. मीही मान डोलावली, कारण एवढं केल्यावर आणखी काय मागायचं?

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि नाही म्हणालात.

सकाळी रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी व्हॅन काढलीत. त्या फटीत शिरल्यावर वही उघडून स्टिअरिंगवर ठेवलीत. पानावर गावांची नावं, पावांचे आकडे, आणि मधेच एका ओळीत कालचा किलोमीटरच्या दगडाचा आकडा. तिथेच थांबलात. एक वळण पुढे नाही, की सोयीच्या मोकळ्या जागी नाही.

सायकल न चालवणाऱ्या माणसाला हे कसं कळलं? घाट सलग आपल्या पायांनी झाला पाहिजे, मधला तुकडा गाडीने गेला तर तो आयुष्यभर खुपत राहतो, हे मी घरच्यांनाही कधी समजावू शकलेले नाही.

बाकी घाट मी चढले. माथ्यावरून येस्बाच्या खिंडीपर्यंतही गेले, अस्वलाच्या दगडी पुतळ्यापाशी. समोर पिकोस दे एउरोपा डोंगररांगेचे चुनखडीचे सुळके उघडे पडले होते. तिथे बसून तुमची ओगाथा खाल्ली. मग पोतेसपर्यंत तेराशे मीटरची उतरण, ओक आणि बीचच्या सावलीतून. जुना टायर शेवटपर्यंत टिकला.

पार्सलमध्ये नवा टायर आहे, ७०० बाय २५च, शेजाऱ्यांच्या मुलासाठी. सोबत कुर्डीचा फोटो, या मे महिन्यात जाऊन काढलेला. आजीच्या घराच्या जोत्यावर मी सायकल टेकवली आहे. मागे मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘कासा.’

तुमची,
निळ्या सायकलवाली