पहिली युद्धनौका ‘बिस्मार्क’ नको

महोदय,

रिमोटवरच्या युद्धनौकांची खरी लढाई हा मूळ अमेरिकेतला छंद. १:१४४ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्यापेक्षा १४४ पट लहान, नौका ४.५ मिमी छऱ्यांनी एकमेकींना भोके पाडून बुडवतात. नवख्यांना हमखास दुसऱ्या महायुद्धातली जर्मन ‘बिस्मार्क’ किंवा अमेरिकी ‘आयोवा’ ही मोठी युद्धनौका हवी असते. पण ‘आयोवा’ या मापात १८८ सेंमी भरते. गाडीत मावत नाही. हलकी क्रूझर, म्हणजे लहान, अरुंद युद्धनौका, त्याहून वाईट. अरुंद सांगाड्यात बॅटरी, पंप, तोफांसाठीची गॅसची टाकी कोंबताना वजन नौकेच्या वरच्या भागात जाते आणि वळताना नौका कलंडते. जर्मनीची ‘फॉन डेर टान’ (१९१०) बेताची: सुमारे ११९ सेंमी लांब, साडेअठरा रुंद.

बाजूला ०.८ मिमी बाल्साच (हलके, मऊ लाकूड) असतो, भोके पडणारच. प्रश्न आत शिरलेल्या पाण्याचा. तळ सपाट असेल तर ते एका कुशीला धावते, नौका झुकते आणि पंप कोरडा फिरतो. म्हणून दोन्ही अंगांना फोम भरून मध्ये उतरती पन्हळ ठेवावी. पंप तिच्या सर्वांत खोल जागी, बॅटऱ्या शक्य तितक्या खाली. सुरुवातीला तोफा दोनच पुरेत, बाकी नखरे नंतर. बुडालेली नौका सापडावी म्हणून दोरीला बांधलेला बुचाचा तुकडा आत ठेवावा. काठावर उभ्या प्रत्येकाला गॉगल सक्तीचा.

– एक वाचक, पुणे