उजेड न दाखवलेल्या ट्यूबबद्दल

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

फोनवर ‘थँक्यू मॅडम’ म्हणून झालं, पण त्याने समाधान होईना, म्हणून हे उघड पत्र. नाव मुद्दामच घातलेलं नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. तुमच्या खोलीत नमुने घेऊन येणारे ओळखतीलच.

प्रकाश दाखवूनही आमचं प्रोटीन बीड्सवरून सुटत नव्हतं, तेव्हा तुम्ही फॉइलमध्ये गुंडाळून दोन ट्यूब पाठवल्यात. पहिलीवर मार्करने लिहिलं होतं, ‘३६५, ५ मिलिवॅट, १० मिनिटं, झाकण उघडं, हलवत’. दुसरीवर, ‘हिला उजेड दाखवलेला नाही’. दुसरी आम्ही मागितलेली नव्हती. नमुन्याचा अर्धा भाग बाजूला काढून, तेवढाच वेळ, त्याच तापमानाला, तसाच हलवत, फक्त अंधारात ठेवायचा, हे तुम्ही आपणहून केलंत. आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या दुसऱ्या ट्यूबचे.

प्रकाशाने तुटणारं बायोटिन न वापरलेल्यांना हे एवढं मोठं का वाटावं, तर ऐका. प्रोटीन पकडता यावं म्हणून त्याला बायोटिन हे जीवनसत्त्व जोडतात, तेच लेबल. साधं बायोटिन एकदा स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रोटीनने मढवलेल्या बीड्सना (बारीक मण्यांना) चिकटलं की सुटतच नाही. प्रोटीन सोडवायला एसडीएस या कडक डिटर्जंटमध्ये उकळावं लागतं, आणि मग नको ते सगळं सोबत येतं: प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलच्या तळाशी स्ट्रेप्टाव्हिडिनचे तुकडे आणि वर १३० किलोडाल्टनपाशी पायरुव्हेट कार्बॉक्सिलेज हे एन्झाइम, कारण पेशीत त्याच्यावर मुळातच बायोटिन असतं. म्हणून बायोटिन आणि प्रोटीन यांच्यामध्ये ऑर्थो-नायट्रोबेन्झिल जातीचा दुवा बसवायचा. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की नायट्रो गटाचा ऑक्सिजन शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढतो, बंध तुटतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि प्रोटीनचा अमीन होता तसा परत मिळतो. नायट्रोसोचा उरलेला अवशेष बायोटिनसोबत बीडवरच राहतो. बोस्टन विद्यापीठातल्या रॉथशिल्ड यांच्या गटाने हे १९९५ साली छापलं.

आता समजा, प्रकाश दाखवूनही द्रवात प्रोटीन आलं नाही. मग लेबल लागलंच नाही, की लागलं पण बीड्सनी पकडलं नाही, की पकडलं पण तुटलं नाही, की तुटलं आणि प्लॅस्टिकला चिकटून बसलं? नुसती उजेडातली ट्यूब पाहून यातलं काहीच सांगता येत नाही. अंधारातली सांगते. तिच्या वरच्या द्रवात प्रोटीन दिसलं, तर ते प्रकाशाशिवायच गळतंय, म्हणजे धुणं कमी पडलंय किंवा दुवा आधीच तुटलाय. तिच्या बीड्स उकळल्यावर ठसठशीत पट्टा आला, तर लेबलही लागलंय आणि पकडही झाली आहे. तसा पट्टा आला, आणि दोष प्रकाशाकडे आहे हे एका जेलमध्ये उघड झालं.

त्याआधी काय काय ऐकवलं गेलं ते आता लिहायला हरकत नाही. एका ठिकाणी सांगितलं, ‘लेबल लागलेलंच नाही, रिएजंट दुप्पट घाला.’ दुप्पट घातल्याने न जुळलेलं बायोटिन वाढतं, ते गाळून काढलं नाही तर बीड्सवरच्या जागा अडवतं आणि पकड आणखी घसरते. दुसऱ्या ठिकाणी जेल पाहणाऱ्या ट्रान्सइल्युमिनेटरवर ठेवायला सांगितलं. तो ३०२ किंवा ३१२ नॅनोमीटरचा. दुवा तुटेल, पण ट्रिप्टोफॅनलाही इजा होईल. (२५४ चा दिवा सुचवणारेही भेटले. डीएनए असेल तर त्यात शेजारशेजारचे थायमिन एकमेकांना जोडले जातात, एवढं सांगून तो विषय सोडतो.) विक्रेत्याच्या मदतकक्षाने दर वेळी तीच पीडीएफ पाठवली. दिव्यातून प्रत्यक्ष नमुन्यावर किती प्रकाश पडतो, हे यांतल्या एकानेही विचारलं नाही.

तुमचा पहिला प्रश्नच तो होता. दिव्यावर ‘६ वॅट’ लिहिलेलं असतं, ती विजेची भूक. नमुन्याला काय मिळतं ते मीटर नमुन्याच्या जागी ठेवल्याशिवाय कळत नाही. आमच्या दिव्याखाली १५ सेंटीमीटर अंतरावर तुमचं मीटर ०.७ मिलिवॅट दर चौरस सेंटीमीटर दाखवत होतं. ५ मिलिवॅटने १० मिनिटं म्हणजे दर चौरस सेंटीमीटर ३ जूल. तेवढाच डोस ०.७ ने द्यायचा तर ७० मिनिटांहून जास्त लागतील, आणि छापील कृती सांगते ‘१० मिनिटं’. पाऱ्याची ट्यूब स्थिरावायला काही मिनिटं घेते आणि जुनी झाली की निळसर दिसत राहूनही ३६५ कमी देते, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत.

‘झाकण उघडं, हलवत’ या शब्दांतही बरंच काही आहे. झाकणाचं दुधी प्लॅस्टिक प्रकाश विखुरतं. चुंबकी बीड्स तपकिरी, अपारदर्शक, आणि न हलवता ठेवल्या तर मिनिटभरात तळाशी बसतात. मग वरचा थर ऊन खातो आणि खालचा सावलीत. द्रव उथळ हवा. दीड मिलिलिटरच्या ट्यूबच्या टोकात ५०० मायक्रोलिटर भरण्यापेक्षा २४ विहिरींच्या प्लेटमध्ये तेवढंच पसरलं तर थर तीन मिलिमीटरसुद्धा होत नाही. द्रवात ०.१ टक्का सौम्य डिटर्जंट असलं की सुटलेलं प्रोटीन भिंतीला चिकटत नाही. पुढे मास स्पेक्ट्रोमीटरवर जायचं असेल तर ट्वीन नको, ऑक्टिल ग्लुकोसाइडसारखं काढता येणारं घ्यावं.

आणि ती नायट्रोसेल्युलोजची पट्टी! लेबल लावलेल्या प्रोटीनचे ठिपके द्यायचे, अर्धी पट्टी फॉइलखाली, अर्धी दिव्याखाली, मग धुऊन स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी (बायोटिन असेल तिथे खूण उमटवणारं एन्झाइम). झाकलेले ठिपके उमटतात, उघडे पुसट होतात. बीड्स खर्च न करता दुवा शाबूत आहे की नाही ते दुपारपर्यंत कळतं. हे पाकिटावर का छापत नाहीत कोण जाणे.

इथे लेबल लावणाऱ्या सगळ्यांसाठी तुमच्या दोन सूचना पुढे देतो. रिएजंटची बाटली फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही; मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात तर मुळीच नाही, कारण आत दव धरलं की एनएचएस गट (रिएजंटचा प्रोटीनच्या अमीनशी जुळणारा भाग) पाण्याशीच जुळून संपतो. बफर फॉस्फेटचा, ट्रिस किंवा ग्लायसिन असेल तर लेबल त्यांच्याच अमीनला लागतं. दुसरी सूचना खिडकीची. साधी काच ३६५ अडवत नाही, म्हणून खिडकीजवळच्या ओट्यावर दुवा हळूहळू तुटत राहतो. जुन्या फ्लुरोसंट ट्यूबमधूनही पाऱ्याची ३६५ ची रेघ थोडी निसटते, पांढऱ्या एलईडीखाली ती भीती जवळजवळ नाही.

हेच रसायन आता कुठे कुठे पोचलंय! कोलंबिया विद्यापीठात जू यांच्या गटाने २००५ मध्ये असेच दुवे वापरून रंगीत न्यूक्लिओटाइडने डीएनए वाचला: रंग पाहायचा, ३५५ च्या लेझरने तो तोडायचा, पुढचं अक्षर. ऊतींच्या कापावर अँटिबॉडीला प्रकाशाने तुटणारा डीएनएचा तुकडा लावून हव्या त्या भागावरच यूव्ही टाकतात आणि सुटलेले तुकडे गोळा करून मोजतात. तिथेही उजेड न पडलेल्या भागातून किती गळतं हे पाहिल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

दुसऱ्याच्या नमुन्यासाठी, जिथून काहीच निघू नये अशी अपेक्षा आहे ती ट्यूब सांभाळत बसणं हे कुठल्याही फॉर्मवर नसतं, बिलावर नसतं, शोधनिबंधाच्या नावांत तर नसतंच. विचारल्याबरोबर मत देणारे पुष्कळ भेटतात. ‘थांबा, मोजून सांगते’ म्हणणारी माणसं संस्थांना टिकवतात, आणि त्यांच्या बढतीच्या वेळी नेमकं कुणाला काही आठवत नाही. या वेळच्या निबंधात आभारांच्या ओळीत नाही, लेखकांच्या यादीत तुमचं नाव घालतोय. नको म्हणू नका.

मीटर उद्या परत पाठवतोय, बॅटरी नवीन घातली आहे. एक शंका राहिली: त्याचा सेन्सर पाऱ्याच्या दिव्यावर कॅलिब्रेट केलेला आहे, आणि आता ३६५ ची एलईडी घ्यायचा विचार चाललाय. आकडा किती सुधारून वाचायचा? गुरुवारी दुपारी फोन केला तर चालेल का?

तुमचे,
बीड्सवाले सगळे