सामायिक डेटाबेसमध्ये या क्षणी कोण आहे?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सर्व्हरवरील मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामची फाईल कॉम्पॅक्ट करायला (म्हणजे आतली वाया गेलेली जागा काढून आटोपशीर करायला) घ्यावी, तर ती कोणाच्या तरी संगणकावर उघडी असते आणि कोणाच्या ते कळत नाही, ही तुझी अडचण पत्रावरून नीट समजली.

डेटाबेस सामायिक पद्धतीने उघडला की शेजारीच त्याच नावाची लॉक फाईल तयार होते. जुन्या एमडीबी स्वरूपाच्या फाईलसाठी तिचे एक्स्टेन्शन एलडीबी असते, तर ॲक्सेस २००७ बरोबर आलेल्या एसीसीडीबीसाठी एलएसीसीडीबी. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याची ६४ बाइटची नोंद असते: पहिल्या ३२ बाइटांत संगणकाचे नाव, उरलेल्या ३२ मध्ये ॲक्सेसमधील लॉगिनचे. ही फाईल नोटपॅडमध्ये उघडून नावे वाचण्याचा मार्ग सोपा दिसतो, पण त्यावर विसंबू नकोस. कारण बाहेर पडलेल्याची नोंद पुसली जात नाही, ती जागा नव्याने येणाऱ्याला मिळेपर्यंत जुने नाव तिथेच राहते. शिवाय वापरकर्त्यांना त्या फोल्डरमधील फाईल डिलीट करण्याची परवानगी नसेल, तर सर्व जण गेल्यावरही लॉक फाईल मागे उरते.

याहून विश्वासार्ह आहे ती एडीओच्या (कोडमधून डेटाबेसशी जोडणी करणाऱ्या लायब्ररीच्या) ओपनस्कीमा या आज्ञेतून मिळणारी ‘युजर रोस्टर’, म्हणजे वापरकर्त्यांची यादी. संगणक, लॉगिन, जोडणी चालू आहे का आणि ती संशयास्पद रीतीने तुटली का, अशी माहिती ती देते. तुझी स्वतःची जोडणीही त्यात दिसेल. मात्र एसीसीडीबीत वापरकर्तानिहाय सुरक्षा नसल्यामुळे लॉगिनच्या रकान्यात सर्वत्र ‘ॲडमिन’ असते. म्हणजे यंत्र कळते, माणूस कळत नाही. आणि टर्मिनल सर्व्हरवर, म्हणजे अनेक जण दुरून एकाच संगणकावर काम करतात तिथे, तर सर्वांचे यंत्रही एकच.

म्हणून माझे मत असे, की नोंदीचे टेबल आपणच ठेवावे. फ्रंट-एंड (प्रत्येकाच्या संगणकावरची फॉर्म असलेली फाईल) सुरू होताच एक अदृश्य फॉर्म उघडावा, त्याने विंडोजचे वापरकर्तानाव, संगणक आणि वेळ लिहावी आणि बंद होताना त्याच ओळीत बाहेर पडल्याची वेळ भरावी. नाव एन्व्हायरन फंक्शनऐवजी विंडोजच्या एपीआयकडून (विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनकडून) घे, कारण एन्व्हायरन ज्या एन्व्हायर्नमेंट सेटिंगमधून वाचते त्यातील नाव वापरकर्त्याला बदलता येते. वीज गेली किंवा प्रोग्राम कोसळला तर ओळ अर्धवट राहणारच. तेव्हा त्या फॉर्मच्या टायमरने दर काही मिनिटांनी ‘शेवटची हजेरी’ लिहावी आणि अर्धवट ओळी रोस्टरशी ताडून पाहाव्यात. टर्मिनल सर्व्हरवर मात्र हजेरीचाच काय तो आधार.

त्याच टायमरला बॅक-एंडमधील (सर्व्हरवरील सामायिक डेटाच्या फाईलमधील) ‘बाहेर पडा’ हा ध्वज, म्हणजे तू चालू-बंद करू शकशील अशी खूण, वाचायला लाव, परंतु प्रोग्राम लगेच बंद न करता आधी सूचना दाखव, नाहीतर अर्धी भरलेली माहिती गमावून लोक तुलाच शोधत येतील. दरम्यान नव्यांना रोखण्यासाठी एडीओ जोडणीतील ‘कनेक्शन कंट्रोल’ या सेटिंगची किंमत १ करून ती जोडणी उघडी ठेव. आत असलेल्यांचे काम त्याने थांबत नाही. रोस्टरमध्ये एकटा तूच उरलास, की ती जोडणीही बंद कर, फाईलची प्रत काढ आणि मगच कॉम्पॅक्ट कर.

तुझा स्नेही