पहिली गोळी विमानात नको

महोदय,

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांनी सामानात काय काय घ्यावं, याची यादी आपल्या रविवारच्या पुरवणीत आली होती. विम्याचे कागद, लोकरीचे मोजे, आणि त्याखाली ‘प्रवासात झोप लागावी म्हणून एखादी गोळी’. ती ओळ वाचून राहवलं नाही. कराडला आमचं औषधांचं दुकान होतं आणि ३१ वर्षं मी त्या काउंटरमागे उभी होते.

गेल्या मे महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यू जर्सीला निघालो. सकाळी कराड सोडलं, संध्याकाळी मुंबई, विमान मध्यरात्रीनंतरचं. पुढे नेवार्कपर्यंत सलग सुमारे १६ तास. यांचं वय ७२. प्रोस्टेटचा त्रास आहे, झोपेचा कधीच नव्हता. सोडायला आलेल्या भाच्यानं खिशातून पाकीट काढलं. “मामी, जेवण झालं की मामांना ही एक द्या. थेट नेवार्कलाच डोळे उघडतील.” अल्प्राझोलाम नावाची गुंगी आणणारी गोळी, अर्धा मिलिग्रॅम. पाकिटावरची लाल चौकट मला दिसत होती आणि तिचा अर्थ पाठ होता. तरीही मी गोळी दिली. तो मायेनं सांगत होता आणि मला त्या १६ तासांची धास्ती होती.

पाच तास हे मान वाकडी करून निपचित पडले होते. मग लघवीला म्हणून उठले ते भलत्याच दिशेनं निघाले. स्वच्छतागृहाचं घडीचं दार हातानं चाचपत म्हणत होते, “अगं, कडी कुठाय? बाहेरून कुणी लावली?” ते आमच्या घराच्या परसात होते. तिथली हवाईसुंदरी इंग्रजीत समजावत होती आणि हे तिला मराठीत रागावत होते. या माणसाला मी ४४ वर्षांत परक्या बाईशी आवाज चढवताना पाहिलेलं नाही. वळताना तोल गेला आणि कपाळ सीटच्या कडेवर आपटलं. नेवार्कला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं साधा प्रश्न विचारला, कुणाकडे उतरणार? यांनी माझ्याकडे पाहिलं. पोटच्या मुलीचं नाव त्यांना आठवत नव्हतं. त्या प्रवासातलं त्यांना आजही काही आठवत नाही. कपाळावरचा व्रण मात्र आहे.

हे अपघातानं घडलं नाही. निरोगी तरुण माणसाच्या रक्तात ही गोळी निम्मी व्हायला साधारण ११ तास लागतात, वयस्कर माणसाला १६च्या आसपास. म्हणजे विमानाची चाकं टेकली तेव्हा निम्मी गोळी अजून यांच्या अंगात होती. शिवाय विमानातल्या हवेचा दाब ८००० फुटांपर्यंतच्या उंचीवर असावा इतका कमी असतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर असतो त्याहूनही कमी. तिथे रक्तातला प्राणवायू तसाही थोडा उतरतो, आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या, मोठ्यानं घोरणाऱ्या माणसाला वर गुंगीचं औषध दिलं तर तो आणखी उतरू शकतो. गोळीसोबत कुणी मद्य घेत असेल तर बोलायलाच नको. स्मृती पुसली जाण्याचा हा प्रकारही नवा नाही. झोपेची गोळी आणि मद्य घेऊन लांबच्या विमानप्रवासाला निघालेल्या, मेंदूचाच अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना उतरल्यानंतरचे कित्येक तास आठवत नव्हते, अशी नोंद १९८७ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आली आहे. त्यांची गोळी ट्रायझोलाम, यांच्या गोळीची जवळची बहीण.

आता लाल चौकटीविषयी. मार्च २०१४पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं ‘एच-वन’ यादीत आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षं जपायची. मी ती वही लिहिली आहे. भाच्याला मात्र हे पाकीट एका दुकानातून चिठ्ठी न दाखवता मिळालं होतं. माझ्याच व्यवसायातल्या माणसांनी हे करावं याचं मला फार वाईट वाटतं. काही घरांत मुलगा आपली झोल्पिडेम आईला देतो. स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश जाते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ साली त्यांची मात्रा दहावरून पाच मिलिग्रॅमवर आणली, हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. ‘मग ॲव्हिल द्या, ती ॲलर्जीची साधी गोळी असते’ असंही ऐकते. तिनंही वृद्धांना भ्रम होऊ शकतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी अडली तर आकाशात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कोण घालणार?

मुलीच्या घरी झोपेसाठी घेतात त्या मेलाटोनिनच्या गोड गोळ्यांची बरणी होती. येताना पुष्कळजण ती भेट म्हणून आणतात. तिकडे ती औषध म्हणून नव्हे, पूरक आहार म्हणून विकली जाते. २०२३ साली अशी २५ उत्पादनं तपासली तेव्हा २२ बरण्यांवरचा मात्रेचा आकडा चुकीचा निघाला, एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच. मेलाटोनिन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ते माणसाला पाडून झोपवत नाही, शरीराला रात्र झाल्याचं सांगतं. उन्हाळ्यात मुंबईहून रात्री दीडला निघालात तर न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. तिकडचे रात्रीचे दहा व्हायला आणखी सहा तास असतात. बसल्या बसल्या गोळी घेऊन काय साधणार?

पाय लोंबकळत ठेवून बेशुद्धासारखं झोपण्याचा आणखी एक धोका म्हणजे पायांत रक्ताची गुठळी. चार तासांहून लांबच्या प्रवासानं ही शक्यता साधारण दुप्पट होते, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ सालीच सांगितलं आहे. निरोगी माणसात ती सहा हजारांत एक, म्हणजे घाबरून जावं इतकी मोठी नाही. पण उठून चार पावलं चालायला माणूस शुद्धीवर तर हवा.

नोव्हेंबरमध्ये परतताना मुलीनं पैसे भरून यांना कडेची सीट घेतली. गोळी नाही. डोळ्यांवर माझ्या जुन्या सुती साडीची पट्टी, कानांत बोळे, दुपारनंतर चहा बंद, दर दोन तासांनी मागच्या दारापर्यंत एक फेरी. हे तुकड्यातुकड्यानं तीनेक तास झोपले असतील. उरलेला वेळ नातीचे फोटो बघत बसले. मुंबईला बॅगा त्यांनीच ओळखल्या.

ज्यांना झोपेची गोळी खरोखरच लागते त्यांनी ती डॉक्टरांना प्रवासाची तारीख सांगून, चिठ्ठीवर लिहून घ्यावी आणि आधी दोन-तीन रात्री घरी, जवळ कुणी असताना घेऊन पाहावी. दुबईला उतरून राहणार असाल तर अशा गोळ्यांसाठी तिथल्या सरकारची आगाऊ परवानगी लागते, तेही पाहून घ्यावं. संपादक महाशय, आपल्या यादीतली ‘एखादी गोळी’ ही ओळ काढून पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच टाइपात, ‘आयुष्यातली पहिली झोपेची गोळी विमानात घेऊ नका’ एवढं छापावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त औषधविक्रेती, कराड