वादळाच्या आधी पोचायचं असतं

नॉर्मन, ओक्लाहोमा
20 एप्रिल

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "वादळ आलं की लोक घरात शिरतात, आणि तुम्ही गाड्या काढता." तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. मे तोंडावर आलाय. टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा, त्याच्या अभ्यासाच्या मोहिमेच्या आखणीच्या बैठका रोज चालू आहेत आणि माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

आमच्या गाड्या वादळ यायच्या कितीतरी आधी निघालेल्या असतात. या दिवसांत मेक्सिकोच्या आखातावरून दमट वारा येतो आणि न्यू मेक्सिकोकडच्या उंच भागातून कोरडा. दोघांच्या सीमेला इथे ड्रायलाइन म्हणतात; ढग बहुतेक तिच्या आसपास उठतात. पण वर उष्ण हवेचा एक थर झाकणासारखा बसलेला असतो. दुपारनंतर तो फुटला तर तासाभरात अक्राळविक्राळ ढग उभा राहतो, नाही फुटला तर संध्याकाळपर्यंत नुसतं ऊन. कुठे फुटेल याचा अंदाज सकाळी बांधायचा आणि दोन-तीनशे किलोमीटर गाडी हाकून तिथे जाऊन बसायचं.

माझं काम फुग्यांचं. बाबा, संध्याकाळी साडेपाचला तुम्ही चहा घेता ना, तेव्हा इथे सकाळचे सात वाजलेले असतात. जगभर हवामानाचे फुगे याच वेळेच्या नोंदीसाठी सोडतात, तिकडे आणि इकडेही. पुढची नेहमीची नोंद बारा तासांनी. वादळं मात्र मधेच, चार-पाचच्या सुमारास उठतात. म्हणून आम्ही हेलियमचे सिलिंडर घेऊन वादळाच्या आग्नेयेला थांबतो, कारण ते जी हवा ओढून घेतं ती सहसा तिकडून येते. तिचं तापमान, ओलावा, उंचीप्रमाणे बदलणारा वारा, सगळं फुग्याखालचं यंत्र वर जाता जाता कळवत राहतं.

कशासाठी? गोल फिरणारं मोठं वादळ, ज्याला सुपरसेल म्हणतात, त्यातल्या थोड्यांतूनच टोर्नेडो निघतो. शेजारी शेजारी, दिसायला सारखी दोन वादळं असतात. एक गाव उद्ध्वस्त करतं, दुसरं नुसता पाऊस-गारा टाकून जातं. वादळाच्या पाठीमागून खाली उतरणारी हवा फार थंड असेल तर टोर्नेडोची शक्यता कमी असते, हे जमिनीवर मोजमाप करूनच कळलं. त्यासाठी टपावर यंत्रं बसवलेल्या गाड्या त्या हवेतून न्याव्या लागल्या. लोकांना सावध करायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात, कधी तेवढीही नाहीत. ती वाढवायची तर हा फरक समजायलाच हवा.

बैठकांत सर्वांत जास्त वेळ जातो तो रस्त्यांवर. इथे बऱ्याच भागात दर मैलाला आडवा-उभा रस्ता आहे, पण कच्च्या रस्त्यावर पाऊस पडला की लाल चिखलात गाडी रुतते. रेड नदीवर पूल थोडे. फिरती रडारं एकाच जागी असून भागत नाही: एका रडारला वारा आपल्याकडे येतोय की दूर जातोय एवढंच दिसतं, खरी दिशा काढायला दुसरं वेगळ्या कोनातून बघणारं हवं. दोघांनाही झाडं-तारा नसलेली सपाट जागा लागते. आणि प्रत्येक जागेसाठी आमचा पहिला प्रश्न एकच: इथून बाहेर कसं पडायचं? वाट नसेल तर ती जागा नकाशावरून पुसून टाकतो. अंधार पडला की काम बंद.

हा नियम भित्रेपणाचा नाही. 31 मे 2013 ला एल रेनो गावाजवळचा टोर्नेडो 4 किलोमीटरहून रुंद झाला, अचानक वळला आणि वेग वाढवला. टोर्नेडोचा अभ्यास करणारे टिम सॅमरास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले. टिम या क्षेत्रातले अतिशय सावध माणूस म्हणून ओळखले जात. त्यांचं नाव निघालं की आमच्याकडे आजही कुणी घाईघाईने पुढच्या मुद्द्यावर जात नाही.

आणि एवढं करून रिकामे दिवसच जास्त. व्हॉर्टेक्स-2 ही टोर्नेडोच्या अभ्यासाची आजवरची सर्वांत मोठी मोहीम. 2009 च्या पहिल्या हंगामात चाळीसेक गाड्या मैदानभर फिरल्या, आणि नीट मोजता आला तो एकच टोर्नेडो, 5 जूनला वायोमिंगमधल्या गोशेन काउंटीत. पण जन्मापासून शेवटापर्यंत! त्याच्यावर लोक कितीतरी वर्षं काम करत राहिले. ज्या वादळांतून काही निघालं नाही त्यांच्या नोंदीही तितक्याच जपून ठेवतो, नाहीतर तुलना कशाशी करणार?

बाबा, आता तुमच्याकडे एक मागणं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत आपला हरभरा आणि गहू झोपला, तेव्हा गारा किती वेळ पडल्या, ढग कुठून आला, हे गावात प्रत्येकाने वेगळं सांगितलं. यंदा वळवाचा ढग आला की वहीत लिहा: वेळ, दिशा, कोणत्या शिवारात पडल्या, कुठे नाही. पाऊस थांबला, विजा शांत झाल्या, की गारेशेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो काढा. ते 27 मिलिमीटरचं असतं, त्यावरून माप काढता येतं. ढग दाटून येऊनही गारा पडल्या नाहीत, तर तेही लिहा. पण वीज कडाडत असेल तर शेतात थांबू नका, झाडाखाली तर मुळीच नाही. आई, याकडे तूच लक्ष दे.

मोहीम सुरू झाली की रोज रात्री मुक्कामावर पोचल्यावर मेसेज करीन. आजीला नमस्कार.

तुमची,
मुक्ता